शाळा बंद, सरासरी शाबूत

प्रिय दत्ता,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला. कारण एक जुनी वही. इथे इंग्लंडमध्ये, जिल्ह्याच्या अभिलेखागारात एका खेड्यातल्या शाळेचं शंभरेक वर्षांपूर्वीचं लॉगबुक, म्हणजे हेडबाईंनी लिहिलेली शाळेची नोंदवही, हाती लागलं. तू तुझ्या शाळेत भरतोस ना, त्याचाच हा आजोबा. बघायला गेलो होतो सुगीच्या सुट्ट्या आणि अडकलो गोवरात.

तुला हसू येईल, पण साथीच्या दिवसांत हेडबाईंना खरी धास्ती सरासरीची. सरकारी अनुदान सरासरी हजेरीवर. अर्धी पोरं अंथरुणात आणि शाळा चालू, तर सरासरी कोसळली. पण आरोग्य अधिकाऱ्याने शाळाच बंद केली, की ते दिवस भागाकारातच येत नाहीत! त्यामुळे शाळा बंद ठेवण्याचं पत्र आलं की बाईंचं अक्षरसुद्धा सुटसुटीत होतं. पट टिकवायला वाडीवाडी फिरणाऱ्या तुला हे गणित मी काय सांगायचं!

गोवर मात्र पक्का लबाड. अंगावर पुरळ दिसतं त्याच्या चार दिवस आधीपासून पोर नुसतं शिंकत, डोळे चोळत वर्गात बसून इतरांना प्रसाद वाटत असतं. पत्र येईपर्यंत बाक रिकामे. तरी शहरापेक्षा खेड्यात शाळाबंदीचा उपयोग जास्त, कारण लांबलांबच्या शेतघरांतली पोरं एकमेकांना भेटायची ती शाळेतच. आणि १८८९ च्या कायद्याने डॉक्टरांनी कळवायच्या रोगांच्या यादीत घटसर्प होता, स्कार्लेट फीवर (घसा धरून अंगावर लाल पुरळ उठवणारा ताप) होता. गोवर आणि डांग्या खोकला नव्हते. म्हणजे गोवराची पहिली खबर बहुधा बाईंच्या हजेरीपटालाच.

शाळेत होतं काय, तर पाण्याची एक बादली आणि सगळ्यांना मिळून एक पत्र्याचा पेला. पाटी थुंकी लावून बाहीने पुसायची. (आपण तरी वेगळं काय करत होतो? मी तर तुझ्या बाहीलाही पुसली आहे.) १९०७ च्या कायद्याने शाळेत डॉक्टरी तपासणी सुरू झाली, मग नर्स येऊन डोक्यातल्या उवा आणि नायटे बघू लागली.

सगळ्यात जिवाला लागलं ते स्कार्लेट फीवरचं. पोराला सहा-सहा आठवडे गावाबाहेरच्या वेगळ्या दवाखान्यात ठेवायचे. आईबापांनी बघायचं तर खिडकीच्या काचेतून. तळहाताची सालं निघून जाईपर्यंत सुटका नाही, कारण रोग त्या सालांतून पसरतो अशी समजूत. प्रत्यक्षात जंतू घशात. मग कातडी गुळगुळीत झालेलं पोर घरी यायचं आणि आठवड्याभरात धाकटं भावंड तापायचं. बरं, घरात एकाला झालं की धडधाकट भावंडांनाही शाळेची बंदी, म्हणजे पुन्हा सरासरी! त्यातून वर्षभर एकही खाडा न करणाऱ्याला पदक देण्याची पद्धत होतीच. त्या पदकापायी किती जण ताप अंगावर काढून आले असतील, कोण जाणे.

१९१८ च्या शरदात इन्फ्लुएन्झाने इथल्या शाळा बंद पडल्या. तीच आपल्याकडची मानमोडी. दत्ता, तुझ्या शाळेनेही शंभरी ओलांडली आहे. कार्यालयातल्या लोखंडी कपाटात, तळाशी, वाळवीने सोडलं असेल तर, त्या सालचं लॉगबुक सापडतं का बघ. ऑक्टोबरची पानं आधी उघड आणि मला फोटो पाठव.

वहिनींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
विनू