दोष रंगाच्या डब्याचा नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्रातील पोलादी बांधकामांच्या गंजरोधक लेपांवरचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. माहिती चांगली आहे, पण सारा भर 'कोणता लेप सरस' यावर आहे. माझी सारी नोकरी लेपांची तपासणी करण्यातच सरली. लेप वाया जातो तो बहुधा डबा उघडण्याआधीच.

ब्लास्टिंगनंतर, म्हणजे कठीण कणांचा जोरदार मारा करून साफ केल्यावर, पोलाद कितीही लख्ख दिसो, गंजाने पडलेल्या बारीक खड्ड्यांत मीठ शिल्लक असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. त्यावर इपॉक्सी (राळेचा घट्ट बसणारा रंग) चढवला की ते मीठ लेपातून पाणी आत ओढते आणि फोड येतात. फोड नखाने उकरला तर पाणी निघते, खाली काळपट गंज. मग रंगाचे दोन हात मारा नाहीतर चार! गोड्या पाण्याने धुऊन क्षार मोजणे आणि पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते त्यापेक्षा) किमान 3 अंशांनी जास्त आहे ना, हे पाहणे यांना पर्याय नाही. कडा आणि वेल्डचे जोड यांची तऱ्हा वेगळीच. ओला रंग धारेवरून मागे सरतो, म्हणून तिथे आधी ब्रशने एक जादा हात द्यावा लागतो. कामाची मुदत संपत आली की पहिली काट या जादा हातावरच बसते. जाडी मात्र पत्र्याच्या मधोमध मोजतात, म्हणजे कागदोपत्री सगळे आलबेल.

'जितका लेप कठीण, तितका टिकाऊ' हे लेखातील विधानही अर्धेच खरे. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबाने सरकणाऱ्या) दांड्यांवरचा हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमियमचा कठीण मुलामा, घर्षणाला दाद देत नाही, हे मान्य. पण त्यात मुळातच सूक्ष्म भेगा असतात. खारे पाणी त्यांतून पोलादापर्यंत पोचले की क्रोमचा विस्तृत पृष्ठभाग कॅथोड (न गंजणारी बाजू) होतो, भेगेतले चिमूटभर पोलाद ॲनोड (गंजणारी बाजू), आणि गंज सुईसारखा खोल जातो. जस्ताचे याच्या उलट: ओरखडा पडला तरी आधी जस्त स्वतः झिजते, पोलाद वाचते. अर्थात जस्त मऊ, सतत घासणाऱ्या दांडीवर त्याचा उपयोग नाही. म्हणूनच अशा लेपांची एका रांगेत क्रमवारी लावणे मला पटत नाही.

या विषयावर पुढचा लेख येणार असेल, तर ब्लास्टिंग संपल्यापासून पहिला हात लागेपर्यंतच्या तासांत काय काय तपासायचे असते, तेवढे सविस्तर छापावे.

आपला,
एक निवृत्त लेप-तपासनीस