अ‍ॅनाटॉमीच्या मामांना, लाल लेटेक्सबद्दल

प्रिय मामा,

सप्रेम नमस्कार.

देहदान करणाऱ्यांचे आभार आमच्या कॉलेजात दरवर्षी मानले जातात. तुमचे राहून जातात, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

दान आलेल्या देहाच्या मानेतल्या, डोक्याला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड आणि व्हर्टिब्रल धमन्यांत नळ्या बसवायच्या, स्वच्छ पाणी बाहेर पडेपर्यंत धूत राहायचं, मग लाल लेटेक्स, म्हणजे घट्ट होणारं पातळ रबर, भरायचं. धुण्यात घाई झाली की जुनी गुठळी आत राहते आणि रंग कानापाशीच अडतो. जोर जास्त झाला की बारीक फांदी फुटते, सगळा थर लालेलाल. तुम्ही तयार केलेल्या नमुन्यात रंग मिलिमीटरभर जाडीच्या फांद्यांपर्यंत पोचलेला असतो, आणि मेंदूच्या बायपासला, म्हणजे डोक्याच्या त्वचेतली धमनी मेंदूवरच्या धमनीला जोडायला, नेमक्या त्याच लागतात.

१९६७ साली झुरिचमध्ये न्यूरोसर्जन यासारगिल यांनी हा बायपास पहिल्यांदा केला, तेव्हापासून धमनी तीच: सुपरफिशियल टेम्पोरल. कानाच्या पाळीपुढच्या उंचवट्यासमोर बोट ठेवलं की ठोका लागतो. गालाच्या हाडाची कमान ओलांडून बहुधा दोन-तीन सेंटीमीटर वर तिचे दोन फाटे होतात, एक कपाळाकडे, एक डोक्याच्या मागच्या बाजूला. पण काहींमध्ये फाटा कमानीखालीच फुटतो, तर काहींमध्ये मागची फांदी नावापुरतीच. पुस्तकातली आकृती हे सांगत नाही. तुमचे नमुने शेजारी-शेजारी ठेवले की दिसतं. म्हणून ऑपरेशनआधी डॉप्लरने (रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या यंत्राने) धमनीचा मार्ग आखून घ्यायचा.

चीर केसांच्या मुळांपर्यंतच. धमनी त्वचेखालच्या पातळ पडद्यात असते, पहिल्याच फटक्यात खोल गेलं तर तीच कापली जाते. तिला एकटी सोलूनही काढायची नाही, दोन्ही अंगांना थोडी ऊती ठेवून उचलायची. बाजूच्या फांद्या मुख्य नळीपासून जरा लांबच जाळायच्या, नाहीतर उष्णता भिंतीत उतरते आणि आत गुठळी धरते. धमनी आखडलीच तर वरून पॅपाव्हरिन, ती सैल करणारं औषध. आठ-दहा सेंटीमीटर लांबी मिळाली की पुरते. कपाळाकडची फांदी घेताना पुढे-खाली भुवई उचलणारा चेहऱ्याचा मज्जातंतू असतो, म्हणून जमेल तेव्हा मागची फांदी बरी; केसांत व्रणही झाकला जातो.

कवटी उघडायची ती कर्णनलिकेच्या सहा सेंटीमीटर वर मध्य धरून. तिथे मेंदूवरच्या धमनीची फांदी सापडते, तिला ही धमनी १०-० नायलॉनच्या अतिबारीक धाग्याने जोडायची. भरीव लेटेक्सवर टाके शिकता येत नाहीत, त्यासाठी कोंबडीचा पंख. शेवटी हाड परत बसवताना धमनीसाठी खाच ठेवायची. ती लहान राहिली तर धमनी तिथेच दबते, आणि वरचे सगळे टाके फुकट. पेशंटला नंतर घट्ट बँडेज किंवा कानापुढे रुतणारा चष्मा नको, तो याच कारणाने.

नमुना ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवण्याबद्दल वेगळे आभार. डोक्याची त्वचा वाळली की तिचे थर सुटत नाहीत आणि दोष उगाच चिमट्यावर जातो.

एक विनंतीही आहे. मानेमागची ऑक्सिपिटल धमनी स्नायूंच्या थरांमधून वळणं घेत वर येते, सोडवायला कानापुढच्या धमनीहून अवघड. पुढच्या नमुन्यांत मान जरा खालून कापाल का? स्नायू जागेवर राहिले तर तिचा सगळा रस्ता दिसेल.

आपले,
न्यूरोसर्जरीचे निवासी डॉक्टर