आई-बाबा, मी नोकरी सोडली आहे

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे सांगायचे ठरवून मी तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा आईचा गुडघा व बाबांची झोप यांविषयी बोलून ठेवून दिला, म्हणून आता पत्र लिहीत आहे. बाबा, तुम्ही हे आईला मोठ्याने वाचून दाखवाल, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका शेवटी काढाव्यात, मध्ये थांबू नये. गेल्या महिन्याच्या अखेरीस मी नोकरी सोडली. ज्या प्राणी-निवाऱ्यात मी गेली सहा वर्षे शनिवार-रविवारी जात होते, तिथेच आता पूर्णवेळ व्यवस्थापक म्हणून रुजू झाले आहे. राजीनामा मंजूर झाला आहे, तो मागे घेता येणार नाही, आणि खरे सांगायचे तर तो मागे घ्यावासा वाटू नये म्हणूनच तुम्हांला आधी विचारले नाही. दादाच्या वेळी तुम्ही काय सोसलेत ते मी पाहिले आहे. त्यामुळे ही बातमी तुम्हांला कशी लागेल याची मला कल्पना आहे.

आधी पैशाचे सांगते, कारण ते ऐकेपर्यंत बाबांचे बाकी कशात लक्ष लागणार नाही. पगार पूर्वीच्या निम्म्याहून कमी आहे, पण तो दरमहा ठरावीक रक्कम देणाऱ्या देणगीदारांच्या पैशांतून विश्वस्तांनी वेगळा बांधून ठेवला आहे, त्यामुळे एखाद्या महिन्यात औषधांचे बिल फुगले म्हणून माझा पगार थांबणार नाही. तुमच्या औषधांसाठी मी पाठवते ती रक्कम पूर्वीप्रमाणेच पहिल्या आठवड्यात येईल. आरोग्यविमा मी स्वतःच्या नावाने चालू ठेवला आहे आणि वर्षभर पुरेल इतकी शिल्लक बाजूला काढली आहे. हा हिशेब मी इतक्या वेळा मांडला की, ज्या निर्णयाची खात्री असते त्याचा इतका हिशेब कोणी मांडतो का, असे बाबा विचारतील. विचारा, माझ्याजवळ त्याला उत्तर नाही.

राहायला निवाऱ्याच्या आवारातच वरच्या मजल्यावर खोली मिळाली आहे. खिडकी पूर्वेला आहे, गरम पाणी दोन्ही वेळा येते, दाराला आतून कडी आणि कुलूप दोन्ही आहेत, आणि खाली रात्रपाळीचा एक वयस्क गृहस्थ असतो जो माझ्यापेक्षा कुत्र्यांना अधिक ओळखतो. आई, जेवण वेळेवर होते. कामाचे कपडे आणि चपला खालीच ठेवते व आंघोळ केल्याशिवाय वर अंथरुणाला हात लावत नाही. रेबीजची प्रतिबंधक लस मी पहिल्याच वर्षी घेतली आहे. एकदा मांजरीच्या पिल्लांमुळे दंडावर गजकर्ण झाले होते ते तेव्हा सांगितले नव्हते, आता सांगते, कारण ते पूर्ण बरे झाले आहे.

इथे आम्ही दिवसभर प्राण्यांना कुरवाळत बसतो असे बऱ्याच जणांना वाटते. प्रत्यक्षात या कामाचा निम्मा भाग म्हणजे धुणे: चादरी, भांडी, पिंजरे, फरशी, पुन्हा चादरी. उरलेल्यात नोंदवह्या, लसींच्या तारखा, दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांशी बोलणे आणि नसबंदीच्या शस्त्रक्रियांची यादी लावणे. मला विचाराल तर ही यादीच सर्वांत महत्त्वाची. मांजरी चार महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. तेव्हा नसबंदी न करता नुसती पिल्ले गोळा करत राहणे म्हणजे फाटक्या झोळीत दान टाकण्यासारखे आहे. दिवस मोठे होऊ लागले की मांजरी माजावर येतात आणि त्यानंतर काही आठवड्यांतच खोक्यांत, टोपल्यांत, कधी कोणाच्या पिशवीत बांधलेली पिल्ले दारात येऊ लागतात. म्हणूनच येत्या सुटीत मला घरी येता येणार नाही. हे वाक्य मला पत्राच्या तळाशी लिहायचे होते, पण ते इथे आले ते बरेच झाले.

काल रात्री तीन वाजता मी काय करत होते ते सांगते, म्हणजे हे काम आईच्या डोळ्यांपुढे उभे राहील. नऊ दिवसांचे एक पिल्लू, वजन एकशे ऐंशी ग्रॅम, एक डोळा उघडलेला आणि दुसरा अर्धा. ते हाताला गार लागत होते, म्हणून आधी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवले, कारण अंग गार असताना दूध पाजले तर ते पचत नाही आणि पिल्लू दगावते. अंगात ऊब आल्यावर त्याला पालथे धरून, आईच्या अंगावर पिताना असते तसे, पिल्लांसाठी मिळणारे दूध बाटलीने पाजले. उताणे धरून पाजले तर दूध श्वासनलिकेत जाते. पिऊन झाल्यावर ओल्या कापसाने त्याच्या पोटाखाली हलके पुसत राहावे लागते, कारण इतक्या लहान पिल्लाला आईने चाटल्याशिवाय लघवी होत नाही. मग काट्यावर ठेवले. आदल्या रात्रीपेक्षा दहा ग्रॅम अधिक. वहीत तो आकडा लिहिताना मला जो आनंद झाला तसा मागच्या नोकरीत पदोन्नतीच्या दिवशीही झाला नव्हता. आणि आई, ते पिल्लू माझ्या तळहातावर पाय ताणून झोपले तेव्हा मला तुझी आठवण आली. माझा ताप उतरेपर्यंत तू माझ्या पोटावर हात ठेवून भिंतीला टेकून बसायचीस आणि मी डोळे उघडले की 'आहे, आहे' एवढेच म्हणायचीस. काल मीही त्या पिल्लाला तेच म्हटले. कोणी ऐकले नाही, एवढे बरे.

पुढचा परिच्छेद बाबांनी मनात वाचावा आणि आईला वाचून दाखवू नये. मागच्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. नवीन आलेल्या पिल्लांना आम्ही चौदा दिवस वेगळे ठेवतो, कारण पार्व्होची, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या आजाराची, लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत इतके दिवस जाऊ शकतात. त्या वेळी जागा अजिबात नव्हती, पाच पिल्ले टवटवीत दिसत होती, आणि मी त्यांना अकराव्या दिवशी मोठ्या खोलीत हलवले. दोन दिवसांनी त्यांतल्या एकाला उलट्या सुरू झाल्या. त्या पाचांपैकी चार गेली, आणि मोठ्या खोलीतली आधीची दोन. हा विषाणू अल्कोहोलच्या सॅनिटायझरने मरत नाही, मातीत कित्येक महिने टिकतो. आम्ही पातळ केलेल्या ब्लीचने ती खोली तीन आठवडे धूत होतो. कोणीही मला बोल लावला नाही. त्यानंतर दोन शनिवार मी निवाऱ्याकडे फिरकले नाही आणि तुम्हांला कामाचे निमित्त सांगितले. मग पुन्हा गेले. जागा नसेल तेव्हा 'जागा नाही' असे म्हणायला मी त्या चार पिल्लांमुळे शिकले, आणि व्यवस्थापकाचे निम्मे काम हेच आहे.

बाबा, माणसांची इतकी आबाळ होत असताना जनावरांसाठी आयुष्य का खर्च करायचे, हा तुमचा प्रश्न जुना आहे आणि तो तुम्ही मोठ्या मनाने विचारता हे मला कळते. तुम्ही आयुष्यभर इतिहास शिकवलात, म्हणून एक उदाहरण देते. १८६० साली लंडनमध्ये मेरी टील्बी नावाच्या बाईंनी हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी घर उघडले, तेव्हा वर्तमानपत्रांनी हाच प्रश्न विचारून त्यांची टर उडवली होती. पाच वर्षांनी त्या वारल्या. १८७१ साली ती संस्था बॅटरसी भागात गेली आणि आजही चालू आहे. यावरून तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळते असे माझे म्हणणे नाही. प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे आणि काम त्याच्यासह चालू राहिले आहे, एवढेच. शिवाय निवाऱ्यात येणारी अडचण बहुतेक वेळा माणसाचीच असते: घर बदलले, नवा घरमालक नाही म्हणतो, सांभाळणारे आजोबा वारले, नोकरी गेली, घरात कोणाला दमा निघाला.

आता जे लिहायला मी तीन रात्री घेतल्या ते लिहिते. इथे यायला लागले तेव्हा मला पहिली गोष्ट शिकवली गेली ती ही की, प्राणी सोडायला आलेल्या माणसाला बोलायचे नाही. सुरुवातीला मला ते जमत नसे. मी तोंडाने काही बोलले नाही तरी चेहरा बोलत असे. एकदा एक गृहस्थ मांजर घेऊन आले, टेबलापाशी उभे राहिले, माझ्याकडे पाहिले आणि मांजर परत घेऊन निघून गेले. त्या मांजराचे पुढे काय झाले ते मला कधीच कळले नाही. त्या रात्री मला ठिपकीची आणि त्या सकाळची आठवण झाली. बाबा, तुम्ही पोते उचलून निघालात तेव्हा मी दाराआड उभी होते हे तुम्हांला ठाऊक नाही. तुम्ही परत आलात, रिकामे पोते झटकलेत, घडी घालून माळ्यावर ठेवलेत आणि दिवसभर कोणाशी बोलला नाहीत, हेही मी पाहिले. तेव्हा मला राग आला होता, तो पुष्कळ वर्षे राहिला. आता त्या टेबलाच्या अलीकडे बसल्यावर मला दिसते की आईचा दमा, दोन खोल्या, आम्ही दोघे लहान, आणि ठिपकीची चार पिल्ले, एवढे सगळे घेऊन तुम्हांला जायला एकही ठिकाण नव्हते. असते तर तुम्ही तिला तिथे नेले असते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. त्या गृहस्थांसारखे कोणी आले की आता मी आधी खुर्ची देते. ही नोकरी मी तुमच्यावर रागावून धरली असे तुमच्या मनात कधी येऊ नये म्हणून हे लिहिले. त्या सकाळशी तिचा संबंध आहे, तो नाकारणार नाही, पण तो रागाचा नाही.

आता सूचना, आणि त्या निमूट पाळायच्या आहेत. बाबा, गच्चीवरच्या मांजराने तुम्हांला ओरखडले, तुम्ही ते आईपासूनही चार दिवस लपवलेत आणि लसीचे दोन डोस घेऊन 'आता बरे आहे' म्हणून पुढचे टाळता आहात, हे मला आईकडून कळले आहे. पाश्चर यांनी १८८५ साली नऊ वर्षांच्या मुलाला दिलेल्या लसीचा धडा तुम्हीच शिकवत होता ना? रेबीजची लक्षणे दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी वर्षही लागते, आणि ती एकदा दिसली की जवळजवळ कोणीच वाचत नाही. त्यामुळे इतके दिवस काही झाले नाही हे म्हणणे मुळीच ग्राह्य नाही. डॉक्टरांनी कार्डावर लिहिलेल्या उरलेल्या सगळ्या तारखा पूर्ण करायच्या, आणि चुकलेल्या तारखेविषयी उद्याच जाऊन त्यांना विचारायचे. पुन्हा कधी ओरखडा किंवा चावा झाला तर आधी पंधरा मिनिटे घड्याळ लावून साबणाने, वाहत्या पाण्याखाली जखम धुवायची आणि मग दवाखाना गाठायचा. त्या मांजराला गाईचे दूध घालू नये, त्याने जुलाब होतात, पाणी ठेवावे. आईने वाटी ठेवायला वाकू नये. बाथरूमबाहेरचा दिवा रात्रभर चालू ठेवावा, बिलाची काळजी करू नये.

घर रिकामे वाटते म्हणून एखादे कुत्र्याचे पिल्लू पाठव, असे आई म्हणाली होती. पिल्लू पाठवणार नाही. ते पायांत येते, आई पडली तर काय, आणि ते म्हातारे होईल तेव्हा तुम्ही किती वर्षांचे असाल याचा हिशेब मी करू शकते, पण लिहू इच्छित नाही. इथे नऊ वर्षांची एक कुत्री आहे. तिच्या मालकीणबाई गेल्या, ती भुंकत नाही, सकाळ-संध्याकाळ हळू चालते आणि माणूस बसला की त्याच्या पावलांवर हनुवटी टेकून बसते. म्हातारे प्राणी लवकर कोणी नेत नाही. आईचा दमा पाहता तिला कायमचे ठेवा असे मी म्हणणार नाही. पिल्लांची गर्दी ओसरली की मी आठ दिवसांसाठी घरी येईन तेव्हा तिला बरोबर आणीन. आईने त्याआधी डॉक्टरांना विचारावे, आणि श्वासाला जरा जरी त्रास झाला तरी ती माझ्याबरोबरच परत येईल. नव्या घरात पहिले तीन दिवस ती कोपरा सोडणार नाही, तेव्हा बोलावू नका, तिची ती येईल.

मी येईपर्यंत जुन्या चादरी, फाटके टॉवेल आणि वर्तमानपत्रांची रद्दी बाजूला काढून ठेवावी, इथे ती कधीच पुरत नाही. बाबा, माळ्यावर ते पोते अजून असेल तर तेही काढून ठेवा. थंडीत फरशीवर अंथरायला पोती लागतात. स्टुलावर तुम्ही चढू नका, दादा आला की त्याला चढवा.

तुमची,
धाकटी