हा दिवस किती तासांचा?

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

जहाजांच्या इंधनावरच्या आमच्या अहवालात नाव घालू नकोस म्हणालात, ते ऐकलं. पण चार लोकांसमोर आभार मानल्याशिवाय मला राहवत नाही. म्हणून हे पत्र.

तुम्ही जहाजावर काम केलेलं, म्हणून कोथरूडला तुमच्या घरी पहिल्यांदा लॅपटॉप घेऊन आले, तेव्हा आमचं काम अडलेलं होतं. नॉर्वेतल्या एका विद्यापीठाबरोबरचा संयुक्त प्रकल्प. मालवाहू जहाजांच्या रोज दुपारी बाराच्या नोंदींवरून जादा इंधन कधी आणि का जळतं, हे संगणकाकडून शोधून घ्यायचं. 2023 पासून मोठ्या जहाजांना कार्बन उत्सर्जनाच्या हिशेबावर ए ते ई अशी श्रेणी मिळते, त्यामुळे या आकड्यांना आता फार वजन आहे. आमचं जहाज मात्र पूर्वेकडे जाताना उधळं निघायचं आणि पश्चिमेकडे काटकसरी. प्रवाह, वारा, सगळं तपासून झालं होतं.

तुम्ही तक्त्यावर बोट ठेवून एवढंच विचारलंत, "हा दिवस किती तासांचा?"

पूर्वेकडे जाताना जहाजावरची घड्याळं पुढे करतात, म्हणून त्या दिवशी दुपार ते दुपार 23 तास भरतात, पश्चिमेकडे 25. आम्ही अंतराला सरसकट 24 ने भागत होतो, म्हणून पूर्वेकडे वेग खऱ्यापेक्षा कमी निघायचा आणि त्या वेगाला खप जादा वाटायचा. चूक वेगात चार टक्क्यांची, पण इंजिनाला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाने वाढते, त्यामुळे तिथे ती बारा टक्क्यांच्या घरात जायची. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पश्चिमेला जाताना तासभर जास्त झोप मिळायची." त्या तुमच्याबरोबर जहाजावर राहिल्या आहेत, हे मला तेव्हा कळलं. त्यांचेही आभार.

दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने याहून मोठी. एका बंदराबाहेर जहाज कित्येक दिवस नांगर टाकून होतं आणि निघाल्यावर खप एकदम वाढलेला. त्या ओळी चुकीच्या समजून मी पुसणार होते. तुम्ही थांबवलंत. उबदार पाण्यात उभ्या जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात, ते ओढत न्यायला जास्त तेल लागतं, हे सांगून शेऱ्यांचा रकाना वाचायला लावलात. पुढच्या बंदरात तळ साफ केल्याची नोंद तिथे होती. खपही त्यानंतरच उतरला होता. अहवालाचं तिसरं प्रकरण त्या ओळींवर उभं आहे.

आणि डोलत्या जहाजावर टाकीत टेप सोडून तेल मोजणाऱ्या पोरांबद्दल तुम्ही जे बोललात, ते मी विसरलेले नाही. आता एखादा आकडा वेडावाकडा दिसला, की तो कुणी, कसा मोजला असेल हे आधी विचारते.

दुसऱ्या जहाजाच्या नोंदी लवकरच येतील. त्यात दिवसाच्या तासांचा वेगळा रकाना मी मागून घेतला आहे. नॉर्वेतल्या सरांनी कारण विचारलं, तेव्हा मात्र तुमचं नाव सांगून टाकलं. तेवढी क्षमा असावी.

तुमची,
रविवारी लॅपटॉप घेऊन येणारी