गॅरेजविरुद्धची तक्रार यंत्राचे नाव घेऊन करा

महोदय,

निवासी वस्तीतल्या गॅरेजविरुद्धचे अर्ज बहुधा ‘दिवसभर आवाज आणि घाणेरडा वास’ एवढ्यावरच थांबतात. पाहणीला कोणी आले की नेमके त्याच वेळी काम बंद असते आणि अर्ज निकाली निघतो. कॉम्प्रेसर, ग्राइंडर, नट खोलायची एअर गन, पत्र्याची ठोकाठोकी, रंगकाम, धुलाई या प्रत्येकाचा त्रास निराळा आणि उपायही निराळा. त्रास कशाचा आहे, हे अर्जात स्पष्ट आले तरच मालकाकडून नेमकी दुरुस्ती मागता येते.

सर्वांत जास्त छळतो तो कॉम्प्रेसर. पिस्टन कॉम्प्रेसरच्या घरघरीचा मोठा वाटा हवा आत ओढणाऱ्या तोंडाचा असतो. तिथे सायलेन्सर असलेला फिल्टर बसवला की फरक लगेच जाणवतो. यंत्र थेट कोब्यावर बोल्टने आवळले असेल, तर कंप भिंतीतून वरच्या मजल्यापर्यंत चढतात. त्यासाठी पायांखाली वजनाला साजेसे रबरी माउंट हवेत, शिवाय टाकी आणि लोखंडी पाइप यांच्यामध्ये लवचीक होज हवा. हा होज हमखास विसरला जातो. मग माउंट असूनही कंप पाइपातून भिंतीत शिरतात. तिसरे कारण गळतीचे. 7 बार दाबाच्या लाइनला 3 मिलिमीटरचे भोक असेल, तर मिनिटाला 600 लिटरांहून अधिक हवा निघून जाते आणि काम नसतानाही कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा सुरू होतो. संध्याकाळी टाकी भरून सगळी हत्यारे बंद ठेवावीत आणि काटा किती वेगाने उतरतो ते पाहावे. सांध्यांवर साबणाचे पाणी लावले की गळती सापडते. यात वीजही वाचते, त्यामुळे मालकाला हे पटवणे सोपे जाते.

यंत्राभोवती थर्माकोल किंवा अंड्यांचे ट्रे लावण्यात अर्थ नाही. आवाज अडवायला वजन लागते: वीट, जाड प्लाय, आणि आतून रॉकवूल (दगडी तंतूंची आवाज शोषणारी लादी). पण खोके पूर्ण बंद केले तर कॉम्प्रेसर तापून बसतो, म्हणून हवेचा मार्ग वळणावळणाचा ठेवावा लागतो. जागा बदलता आली तर आणखी चांगले. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो. 3 मीटरवरून 12 मीटरवर नेल्यास 12 डेसिबल. समोरासमोर भिंती असलेल्या बोळात मात्र एवढा फायदा मिळत नाही.

मोबाइलवरच्या आकड्याला पुरावा मानू नये, तो फक्त अंदाज. शिवाय नेहमीचे डेसिबल-ए माप, म्हणजे कानाच्या संवेदनेनुसार जुळवलेले डेसिबल, खर्जातल्या घरघरीला कमी मोजते. आकडा लहान दिसतो आणि झोप तर मोडलेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1999 च्या मार्गदर्शक मूल्यांत झोपण्याच्या खोलीत सलग आवाजासाठी 30 डेसिबल-ए सुचवले आहेत. आवाजात खर्ज जास्त असेल तर त्याहूनही कमी पातळी राखावी, असेही तिथेच म्हटले आहे.

रंगकामाबद्दल एक गैरसमज धोक्याचा आहे. थिनरचा वास गेला म्हणजे त्रास संपला, असे लोक धरून चालतात. हार्डनर (रंग कडक करणारे द्रव्य) मिसळून मारायच्या रंगात आयसोसायनेट नावाचे रसायन असते. त्याने दमा जडू शकतो आणि घातक प्रमाणातही त्याचा वास जाणवेलच असे नाही. जुन्या पद्धतीच्या स्प्रे गनमधला अर्ध्याहून अधिक रंग पत्र्यावर बसतच नाही, हवेत उडतो. जास्त हवा पण कमी दाब वापरणाऱ्या ‘एचव्हीएलपी’ गनने ही उधळण बरीच घटते. रंगकामाच्या बंदिस्त खोलीचा, म्हणजे बूथचा, साधा फिल्टर रंगाचे थेंब अडवतो, थिनरची वाफ नाही. वाफेसाठी सक्रिय कोळशाचा थर लागतो आणि तो भरला की बदलावाच लागतो. धुराडे छपराच्या वर, सरळ उभे हवे. त्यावर टोपी बसवली की बाहेर पडणारी हवा पुन्हा खाली, शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे ढकलली जाते. उघड्यावर, ताडपत्रीच्या आडोशाला स्प्रे मारणे कुठल्याही सबबीवर चालवून घेऊ नये.

जळके ऑइल झाकणाच्या ड्रममध्ये आणि ड्रम तसराळ्यात ठेवावा. तसराळ्यात ड्रममधल्या सगळ्या तेलाहून थोडे जास्त मावले पाहिजे. सांडलेल्यावर पाणी न मारता लाकडाचा भुसा टाकावा. धुलाईच्या पाण्याला ऑइल ट्रॅप (पाण्यावर तरंगणारे तेल अडवणारी टाकी) असला तरी फेसाळ साबण भरपूर वापरला, तर तेल पाण्यात मिसळून ट्रॅपमधून सरळ गटारात जाते. ‘ट्रॅप आहे, तरी गटारावर तवंग का?’ याचे उत्तर बरेचदा हेच असते.

अर्जाआधी 14 दिवस वही ठेवावी: तारीख, सुरू व बंद झाल्याची वेळ, यंत्र कोणते, खिडकी उघडी की बंद, आवाजाचा अंदाजे आकडा, वास असेल तर वारा कुठून. ‘रात्री 9:40 ते 10:25, ग्राइंडर, खिडकी बंद’ अशा नोंदीवरून पाहणीची वेळ ठरवता येते. वहीची एक प्रत गॅरेजमालकालाही द्यावी. दुरुस्ती झाल्यावर त्याच खिडकीत, त्याच यंत्रावर, मालकाच्या समक्ष पुन्हा मोजणी करावी आणि तो आकडा त्याच वहीत लिहावा.

— एक वाचक