“डोंगल माझ्याकडं ठेवून जा”: ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. ग्रामविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यात ग्रामसेवक होतो, आता निवृत्त आहे. हे पत्र नोकरीत असतानाच लिहायला हवं होतं. तेव्हा धाडस झालं नाही.

एका पंचायत समितीत आढावा बैठक चालली होती. माझ्या शेजारी बसलेल्या तरुण ग्रामसेविकेला एका सदस्यांनी उभं केलं. गटाराचं बिल का काढलं नाही, एवढाच प्रश्न होता. त्या म्हणाल्या, “साहेब, मोजमाप पुस्तकात नोंद नाही. मोजमाप झालं की लगेच काढते.” त्यावर त्यांची अक्कल, शिक्षण, घरचं वळण, सगळं निघालं. “उमदीला टाकतो बघ तुला!” म्हणजे जिल्ह्याच्या पार टोकाला, जत तालुक्यात बदली. भरल्या सभागृहात त्या रजिस्टरची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या, बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत. गटविकास अधिकारी समोरच्या कागदात बघत बसले. मीही गप्प बसलो.

बिल त्याच आठवड्यात निघालं. मोजमाप नंतर झालं.

साहेब, याला तापट स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. ग्रामपंचायतीचा पैसा सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या सहीशिवाय हलू नये, अशी व्यवस्था आहे. पूर्वी चेक होता, आता वित्त आयोगाच्या निधीला दोघांची डीएससी, म्हणजे संगणकावरची डिजिटल सही लागते. ती पेनड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये असते. त्यातली एक सही ओरडून मिळवली की दुसरीला अर्थ राहत नाही. “डोंगल माझ्याकडं ठेवून जा” हे वाक्य किती ग्रामसेवकांनी ऐकलंय, नाव न विचारता एकदा विचारून बघा. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की वसुलीची नोटीस मात्र ग्रामसेवकाच्या घरी येते.

कामचुकार कर्मचारी असतात. त्यांना जाब विचारणं हा निवडून आलेल्या माणसाचा हक्क आहे, आणि त्यासाठी जिल्हा परिषद सेवेचे 1964 चे शिस्त व अपील नियम आहेत, 1967 चे वर्तणूक नियम आहेत. नोटीस, खातेचौकशी, वेतनवाढ रोखणं, सगळं आहे. पण सदस्यच चुकले तर? 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातलं कलम 39 ग्रामपंचायतीच्या सरपंच-सदस्यांना गैरवर्तनासाठी एकदम पदावरूनच काढतं. कर्मचाऱ्याला घालूनपाडून बोलल्याबद्दल ते लागलेलं मी अख्ख्या नोकरीत पाहिलं नाही. सरकारी कामात अडथळ्यासाठी लागणाऱ्या जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 353 च्या जागी आता भारतीय न्याय संहितेचं कलम 132 आलं, पण त्याला हल्ला किंवा बळाचा वापर लागतो. 2013 चा कायदा लैंगिक छळापुरता आहे. चारचौघांतला पाणउतारा, रात्री अकराचे फोन, बदलीची धमकी घेऊन माणसानं जायचं कुठं?

यशवंतराव चव्हाणांचं देवराष्ट्रे आमच्याच जिल्ह्यातलं. ते मुख्यमंत्री असताना 1962 साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या, तेव्हा निवडून आलेला आणि नेमलेला अशा दोघांनी मिळून गाव चालवायचं होतं. एकानं दुसऱ्याला दाबायचं नव्हतं.

म्हणून मागणं हे, की सदस्यांसाठी आचारसंहिता करा. तिच्यात समज देण्यापासून काही महिने सभेला बंदी घालण्यापर्यंत पायऱ्या असाव्यात. एकदम पद काढायचं म्हटलं की कुणी हात लावत नाही. तक्रार तालुक्यात नको, कारण गटविकास अधिकाऱ्यालाही उद्या त्याच माणसांसमोर बसायचं असतं. ती थेट पुण्याला विभागीय आयुक्तांकडे जावी आणि साठ दिवसांत निकाल लागावा. तोवर तक्रार करणाऱ्याची बदली होऊ नये. आमच्याकडे ‘त्रास नको म्हणून’ बदली होते ती नेहमी तक्रारदाराचीच! आढावा बैठकांचं ध्वनिमुद्रण सक्तीचं करा. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे, खर्च काही नाही.

त्या ग्रामसेविका अजून नोकरीत आहेत. त्यांना विचारूनच हे लिहिलं. गावाचं आणि तालुक्याचं नाव मात्र त्यांनी घालू दिलं नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रामसेवक, सांगली जिल्हा