पॉइंट काढण्याआधी डिस्ट्रिब्युटर तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. ताडदेवला नोंदलेल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची ही मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली आणि टॅक्सी म्हणून त्या गाडीचा हिशेब मिटला. अँबेसिडरचे उत्पादन तर २०१४ मध्येच थांबले. घरच्या वापरातल्या पद्मिनी, अँबेसिडर, हेराल्ड मात्र हौसेने जपल्या जात आहेत. अशी गाडी घेतली की पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे ‘पॉइंट काढून टाका, इलेक्ट्रॉनिक किट बसवा, डोकेदुखी संपेल’. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा कोणी सांगत नाही, म्हणून महिनाभरात किट जळते, गाडी घाटात बंद पडते आणि दोष इलेक्ट्रॉनिक्सच्या माथी बसतो.

पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला, म्हणजे प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या डब्यातला, एक साधा स्विच. तो मिटलेला असतो तेव्हा बॅटरीचा करंट कॉइलच्या आतल्या जाड तारेतून वाहतो. फिरत्या शाफ्टवरच्या कॅमच्या उंचवट्याने तो उघडला की करंट तुटतो आणि बारीक तारेच्या वेढ्यांत हजारो व्होल्ट तयार होतात. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हा स्विच सेकंदाला १०० वेळा उघडतो. प्रत्येक उघडझापीत पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासते. ती झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे सरकते. अँबेसिडरच्या लुकास पद्धतीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये गॅप ०.३५ ते ०.४० मिमी आणि डवेल, म्हणजे पॉइंट मिटलेले राहण्याचा कोन, सुमारे ६० अंश असतो. डवेल एक अंशाने वाढला की टायमिंग साधारण एका अंशाने मागे गेले, असा ठोकताळा आहे. किटमध्ये कॅमवर चुंबकाची कडी आणि तिच्या फिरण्यावर करंट तोडणारे मोड्यूल असते. घासणारे काही नसते, त्यामुळे एकदा लावलेले टायमिंग हलत नाही. किटचा खरा फायदा एवढाच, आणि तो पुरेसा आहे. ‘पिकअप वाढतो, ॲव्हरेज वाढते’ हे विक्रेत्याचे बोलणे झाले. झिजलेल्या पॉइंटने जे घालवले होते, तेवढेच परत मिळते.

किट फक्त स्विच बदलते. शाफ्टचे बुश, वेगाप्रमाणे ठिणगी पुढे नेणारी ॲडव्हान्सची वजने, त्यांच्या स्प्रिंगा आणि व्हॅक्यूमचा पडदा जुनेच राहतात. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून किटचे खोके फोडण्याआधी तीन तपासण्या कराव्यात. एका दुपारचेही काम नाही.

पहिली, कॅप म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून रोटरखालचा (आतल्या फिरत्या पात्याखालचा) शाफ्ट बोटांत धरून आडवा हलवून पाहावा. बुश झिजून शाफ्ट एका बाजूला ०.१ मिमी जरी सरकत असला, तरी ०.४० मिमीचा गॅप फिरताना ०.३० ते ०.५० मिमी असा डोलतो. चुंबकाच्या किटला हे डोलणे पॉइंटइतके जाचत नाही हे खरे, पण प्रत्येक सिलिंडरचे टायमिंग थोडे वेगळे पडायचे ते पडतेच. दुसरी, रोटर त्याच्या फिरण्याच्या दिशेने पिळून सोडावा. तो आपोआप मागे आला पाहिजे. अर्ध्यात अडकला किंवा सैलपणे तिथेच राहिला, तर खाली वजने गंजली आहेत किंवा स्प्रिंग तुटली आहे. रोटर काढल्यावर शाफ्टच्या टोकाला फेल्टचा तुकडा किंवा स्क्रू दिसतो. तिथे इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडायचे असतात. हे काम इतके सोपे आहे की ते वर्षानुवर्षे कोणी करतच नाही. तिसरी, व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढावी. पॉइंट ज्यावर बसतात ती आतली प्लेट फिरली पाहिजे आणि नळीच्या टोकावर जीभ दाबून ठेवली, तर तिथेच थांबली पाहिजे. ती लगेच परत आली तर पडदा फाटला आहे.

यात दोष निघाला तर पैसे आधी बुशवर खर्च करावेत. चांगला टर्नर ब्राँझचे बुश करून देतो. ते काम झाल्यावर कित्येक गाड्या जुन्या पॉइंटवरच इतक्या नीट चालतात की किटची घाई राहत नाही.

आता कॉइल. बहुतेक किटे इथेच मरतात. मल्टिमीटर ओहमवर ठेवून आधी त्याच्या दोन वायरी एकमेकींना टेकवाव्यात. स्वस्त मीटर तेव्हाही ०.२-०.३ ओहम दाखवतो आणि तेवढे पुढच्या मापातून वजा करायचे असते. मग वायरी सोडवून कॉइलच्या अधिक आणि उणे टोकांत मोजावे. साधी १२ व्होल्टची कॉइल ३ ओहमच्या आसपास असते, बॅलास्टवाली (करंट कमी करणारा वेगळा रोध जोडलेली) दीडच्या आसपास. ३ ओहममधून ४ अँपिअर वाहतात. दीड ओहमची कॉइल बॅलास्टशिवाय जोडली तर ८ अँपिअर वाहतील, आणि साधे मोड्यूल त्यासाठी बनलेले नसते. चार सिलिंडरच्या साध्या किटांना बहुधा ३ ओहमची कॉइल लागते. ‘जोरदार ठिणगी’ म्हणून विकली जाणारी कमी ओहमची स्पोर्ट्स कॉइल अशा किटला लावणे म्हणजे ते हाताने जाळणे. किट विकणाऱ्यांनी खोक्यावर कॉइलचे किमान ओहम आणि अर्थ कोणता (बॅटरीचे कोणते टोक गाडीच्या बॉडीला जोडलेले हवे) या दोनच गोष्टी ठळक मराठीत छापल्या, तरी निम्म्या तक्रारी थांबतील.

बॅलास्ट आहे का हे डोळ्यांनी नेहमी कळत नाही. काही गाड्यांत तो कॉइलजवळ पांढऱ्या चिनी मातीच्या ठोकळ्यात असतो, काहींत वायरिंगमध्ये दडलेली रोधाची तार असते. इग्निशन चालू करून कॉइलचे उणे टोक वायरने क्षणभर अर्थला टेकवावे आणि अधिक टोकावर व्होल्ट मोजावेत. १२ च्या जवळ आले तर बॅलास्ट नाही. सहा-सात आले तर आहे. मग किटची लाल वायर कॉइलवर न जोडता बॅलास्टच्या आधी, म्हणजे स्विचच्या बाजूला जोडावी. नाहीतर सेल्फ मारताना बॅटरी ९-१० व्होल्टवर येते, त्यातून बॅलास्ट आणखी खातो आणि मोड्यूल जागेच होत नाही. धक्का मारला की गाडी सुरू, सेल्फवर मात्र नाही, ही तक्रार आली की आधी हे पाहावे.

याच तपासणीत तिसरा प्रकारही निघतो. बॅलास्ट नसूनही ११ किंवा त्याहून कमी व्होल्ट येतात. तो व्होल्ट जुन्या इग्निशन स्विचने आणि गंजलेल्या फ्यूज बॉक्सने खाल्लेला असतो. उपाय म्हणजे चार पायांचा साधा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच). ३० नंबरला बॅटरीकडून १० अँपिअरच्या फ्यूजमधून वायर, ८७ वरून कॉइलचे अधिक आणि किटची लाल वायर, ८६ ला स्विचकडून येणारी जुनी वायर, ८५ अर्थला. यात एक गंमत होते. ऑल्टरनेटर असलेल्या गाडीत रिले लावल्यावर कधी कधी चावी काढली तरी इंजिन बंद होत नाही. चार्जिंगच्या लाल दिव्यातून ऑल्टरनेटरचा करंट उलटा येऊन रिले धरून ठेवतो. दिव्याच्या वायरीत ऑल्टरनेटरच्या दिशेने करंट जाऊ देणारा एक अँपिअरचा डायोड टाकला की प्रश्न मिटतो.

मॉरिस मायनर आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे अधिक टोक बॉडीला असते. निगेटिव्ह अर्थचे किट तिथे जोडले तर चावी फिरवताच जळते. बॅटरीची जाड पट्टी कोणत्या टोकावरून बॉडीला जाते, हे पाहूनच किट मागवावे. डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवरचा नंबरही वाचून घ्यावा. एकाच मॉडेलवर वेगवेगळे डिस्ट्रिब्युटर सापडतात आणि चुंबकाची कडी एकाची दुसऱ्याला बसत नाही.

प्रत्यक्ष बसवणे त्या मानाने सोपे आहे. बॅटरीचे अर्थ सोडवावे. एक नंबरचा सिलिंडर कॉम्प्रेशनवर आणून रोटर कुठे पाहतो त्याची डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर खूण करावी. पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही काढावेत. कंडेन्सर कॉइलच्या उणे बाजूला तसाच राहिला की ठिणगी दुबळी पडते. कॉइलच्या अधिक बाजूला रेडिओची खरखर थांबवणारा कंडेन्सर असेल तर तो राहू द्यावा. प्लेटवरचे जुने ग्रीस पेट्रोलच्या फडक्याने पुसून मोड्यूल घट्ट आवळावे. मोड्यूलची उष्णता आणि पुष्कळ किटांत अर्थही त्या प्लेटमधूनच जातो. प्लेट आणि डिस्ट्रिब्युटरची बॉडी यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची छोटी वेणी तुटलेली किंवा गायब असते. ती नवी घालावी. ती नसेल तर व्हॅक्यूमने प्लेट हलली की अर्थ जातो, म्हणजे गाडी उभी असताना ठीक आणि रस्त्यावर झटके.

चुंबकाची कडी कॅमवर पूर्ण खाली दाबावी. ती दोन मिमी जरी वर राहिली, तरी रोटर उंच बसतो आणि पहिल्याच सेल्फला कॅप फोडतो. कडी आणि मोड्यूलमधले अंतर किटच्या कागदाप्रमाणे ठेवावे. फिलर गेज पितळेचा किंवा प्लॅस्टिकचा घ्यावा, लोखंडी पट्टी चुंबकाला चिकटून माप फसवते. वायरी बॉडीतून बाहेर काढताना आत थोडा झोल ठेवावा आणि प्लेट हाताने शेवटपर्यंत फिरवून त्या ताणत नाहीत ना हे पाहावे. लाल वायर कॉइलच्या अधिकला (बॅलास्ट असेल तर त्याच्या आधी), काळी उणेला.

गाडी सुरू झाली म्हणजे काम संपले असे समजून बोनेट बंद करणे ही सर्वांत सर्रास चूक. मोड्यूल नेमके पॉइंट उघडायचे त्याच अंशावर चालत नाही, त्यामुळे टायमिंग नव्याने लावावेच लागते. इंजिन गरम करून आयडलवर ठेवावे, व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करावे आणि टायमिंग लाइटने पुलीवरची खूण गाडीच्या मॅन्युअलमधल्या अंशावर आणावी. मग इंजिन ३००० फेऱ्यांपर्यंत नेत लाइट मारावा. खूण एकसारखी पुढे सरकून परत यायला हवी, नाचायला नको. कानाने टायमिंग लावणारे मेस्त्री आजही आहेत आणि त्यांच्या हाताला दाद द्यावीशी वाटते, पण उभ्या गाडीत कानाला गोड लागणारे टायमिंग बहुधा दोन-चार अंश पुढे असते. खंबाटकी चढताना तेच खडखडते.

प्लगच्या वायरी विसरू नयेत. बाजारात मिळणाऱ्या साध्या तांब्याच्या वायरी पॉइंटला चालतात, मोड्यूलला त्यांची विद्युत खरखर सहन होत नाही. कार्बनच्या वायरी किंवा ५ किलोओहमच्या प्लग कॅप लावाव्यात. नवा रोटर घेताना त्याच्या पितळी पात्यावरचा रिवेट पाहावा. हलक्या रोटरमध्ये तो इतका खोल गेलेला असतो की ठिणगी प्लगकडे न जाता थेट शाफ्टमध्ये उतरते. पावसाळ्यात कोकणात गाडी मिसफायर करते तेव्हाही दोष कॅपमधल्या ओलाव्याचा आणि तडकलेल्या वायरींचा असतो. किटने त्यात काडीचा फरक पडत नाही. पंपावरच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे मिश्रण पातळ होऊन गाडी अडखळत असेल, तर तोही कार्ब्युरेटरचा प्रश्न आहे.

आणि रेडिओ ऐकण्यासाठी चावी ‘इग्निशन’वर ठेवून बसू नये. इंजिन बंद असताना साधे मोड्यूल कॉइलमधून ४ अँपिअर सोडत राहू शकते. १२ व्होल्टला ते ४८ वॅट होतात, म्हणजे जुन्या हेडलाइटच्या बल्बएवढी उष्णता बंद डब्यात. पॉइंटवर कॉइल तापायची, इथे कॉइल आणि मोड्यूल दोन्ही जातात.

लांबच्या प्रवासाला गाडी नेणाऱ्यांनी ट्रान्झिस्टरच्या पेटीचाही विचार करावा. यात पॉइंट जागेवरच राहतात, पण त्यांच्यातून अर्ध्या अँपिअरच्या आसपासच करंट जातो, म्हणून ते काळे पडत नाहीत. टाच झिजते, गॅप पाहावा लागतो, हे मान्य. मात्र पेटी गेली तर दोन वायरी बदलून पाच मिनिटांत गाडी परत पॉइंटवर येते. आमची पसंती यालाच. कॅपच्या आतल्या मोड्यूलला ही सोय नाही. ते गेले की गेले.

५० वर्षांवरील गाडी २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवायची असेल, तर ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार चालत नाहीत. कॅपखालचे किट बाहेरून दिसत नाही आणि तासाभरात काढता येते. म्हणून डिस्ट्रिब्युटरला नवे भोक पाडू नये आणि काढलेला प्रत्येक तुकडा गॅरेजकडून मागून घ्यावा.

ते तुकडे माळ्यावर नव्हे, डिकीत हवेत. पॉइंट, चालू असल्याची खात्री केलेला कंडेन्सर, रोटर, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि फिलर गेज. सोबत एक गोष्ट किट बसवायच्या आधीच करून ठेवावी. पॉइंटवर टायमिंग बरोबर असताना डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीपासून इंजिनपर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ मारावी, आणि किटचे टायमिंग लावून झाल्यावर दुसरी, पिवळी. रात्री रस्त्यात किट गेले तर पॉइंट चढवून डिस्ट्रिब्युटर पांढऱ्या रेघेवर फिरवायचा आणि बोल्ट आवळायचा. टायमिंग लाइट लागत नाही.

आपला,
जुन्या गाड्यांचे विद्युतकाम करणारा एक वाचक, पुणे